कंपनी गेली, प्रणाली राहिली
(सांगलीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

काही वर्षांपूर्वी इथल्या दुकानात लॅपटॉप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "विंडोजवाला देऊ की डॉसवाला?" डॉसवाला स्वस्त. तो घ्यायचा आणि संध्याकाळी कुणा मित्राकडून त्यावर चोरीची विंडोज टाकून घ्यायची. हसू नका, पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनाही हे माहीत आहे! डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). पण आपण जे पुसून टाकलं ते मायक्रोसॉफ्टचं डॉस नव्हतंच. ते होतं फ्रीडॉस.

१९९४ साली मायक्रोसॉफ्टला एमएस-डॉस गुंडाळून सगळ्यांना विंडोजवर न्यायचं होतं. जिम हॉल तेव्हा अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये भौतिकशास्त्र शिकत होता आणि त्याचं काम डॉसवर चाले. त्याने २९ जूनला जाहीर केलं की आपण मोफत डॉस लिहू. मूळ कोड हाती नव्हता. प्रत्येक कमांड कशी वागते ते पाहायचं आणि तशीच नव्याने लिहायची. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पॅट व्हिलानी यांच्याकडून आला. आवृत्ती १.० निघायला २००६ उजाडलं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या जुन्या आवृत्त्या खऱ्या अर्थाने मुक्त परवान्यावर दिल्या त्या थेट २०१८ मध्ये. कुणी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर जुना डॉसमधला हिशेब अजून सांभाळत असेल, तर त्याला २०१८ पर्यंत थांबायला सांगून चाललं नसतं.

हायकूची गोष्ट याहून अवघड आहे, आणि मला ती जास्त आवडते. बीओएस ही जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीची प्रणाली. १९९६ मध्ये अ‍ॅपल ती विकत घेणार होती. सौदा किमतीवर अडला आणि अ‍ॅपलने स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट घेतली. २००१ मध्ये बीचा सगळा ऐवज १ कोटी १० लाख डॉलरला हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या पाम कंपनीकडे गेला आणि प्रणाली थांबली. त्याच वर्षी चाहत्यांनी ती पुन्हा लिहायला घेतली, तीच हायकू. नुसतं तसं दिसणारं काही नको, बीओएसचे जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. इथेच गोम आहे. ते प्रोग्राम जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या, २.९५ या जुन्या आवृत्तीने बांधलेले. सी प्लस प्लस या भाषेत नव्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी त्यांच्याशी जुळत नाही. म्हणून ३२ बिटच्या हायकूमध्ये आजही जुना आणि नवा असे दोन्ही कंपायलर नांदतात. ६४ बिटच्या आवृत्तीत त्यांनी हा हट्ट सोडला. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची चाचणी आवृत्ती, २००९ मध्ये आली, त्यापुढच्या टप्प्याची पाचवी बीटा २०२४ मध्ये. पूर्ण १.० अजून यायची आहे. माझ्या मते हट्ट थोडा लवकर सोडला असता तर बरं झालं असतं, पण फुकट राबणाऱ्याला हे कोण सांगणार?

ज्यांच्या हाती कोड आधीच आला होता, त्यांचं काम सोपं झालं. सन कंपनीने आपल्या सोलारिस या प्रणालीचा बराचसा कोड २००५ पासून ओपनसोलारिस या नावाने मुक्त केला. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि ओपनसोलारिस बंद केलं. पण दिलेला परवाना मागे घेता येत नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कोडवर इलुमॉस उभं राहिलं. मुक्त न झालेले तुकडे तेवढे नव्याने लिहावे लागले. सोलारिससाठी घडवलेली झेडएफएस ही फाइल प्रणाली आज लिनक्सवरही चालते. तेव्हा मुलांनो, नोकरीत रुजू व्हाल तेव्हा पगाराइतकंच लक्ष परवान्याच्या कागदावरही द्या.

बीओएस विकत घेणाऱ्या पामचं पुढे काय झालं, असं मघाशी कुणीतरी विचारलं. पामने २००९ मध्ये वेबओएस ही मोबाइलसाठीची प्रणाली आणली. २०१० मध्ये एचपीने पाम घेतली, पुढच्याच वर्षी वेबओएसची उपकरणं बंद केली आणि २०१२ मध्ये कोड मुक्त केला. २०१३ मध्ये वेबओएस एलजीकडे गेली. घरी एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल तर बहुधा तीच चालू असेल. टीव्हीतली आवृत्ती मात्र एलजीची स्वतःची. मुक्त आवृत्ती त्यांनी २०१८ मध्ये वेगळी काढली, ती रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर चढवून बघा.