पाचूच्या सावलीतला डायऑप्टेज

मंडळी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कझाकस्तानातल्या अल्तिन-त्यूबे टेकडीत गर्द हिरवे स्फटिक सापडले. बुखाऱ्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत ते रशियात गेले आणि बराच काळ पाचू समजले गेले. पण खनिजांची कठिनता मोजणाऱ्या मोहस् श्रेणीत (१ ते १०) पाचू साडेसात ते आठ, आणि हा दगड जेमतेम पाच. पोलादी सुरीनेही त्यावर चरा उमटू शकतो. १७९७ साली फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आयुई यांनी त्याला डायऑप्टेज हे नाव दिलं. तरी आजही त्याची ओळख बहुतेकदा ‘पाचूसारखा, पण पाचू नव्हे’ अशीच करून दिली जाते, आणि मला ती अन्यायाची वाटते.

कारण रंगाच्या बाबतीत दोघांची जातच वेगळी. पाचूचा हिरवेपणा येतो तो क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अंशमात्र मिसळीतून. ती नसेल तर पाचूचं मूळ खनिज, म्हणजे बेरिल, रंगहीन असतं. डायऑप्टेजमध्ये तांबं घडणीतच आहे. तांबं, सिलिका (वाळूत असते तीच) आणि पाणी, एवढंच हे खनिज. त्यातून रंग वेगळा काढताच येणार नाही. तो इतका दाट असतो की जाड स्फटिक काळपट दिसतो आणि काही मिलिमीटरचा चिमुकला स्फटिक उजेडात झळाळून उठतो. नमुना मोठा तितका सुंदर, हा हिशेब इथे चालत नाही.

तांब्याच्या साठ्याच्या वरच्या भागात, जिथवर हवा आणि पाणी पोचतं तिथे, मूळ खनिजं विघटित होतात. त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि त्याला सिलिका योग्य प्रमाणात भेटली तर डायऑप्टेज तयार होतं. हे बहुधा कोरड्या प्रदेशांतच जुळून येतं. नामिबियातल्या त्सुमेबच्या खाणीत ते फार देखणं जमलं: पांढऱ्या कॅल्साइटवर, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजावर, हिरवे स्फटिक. ती खाण १९९६ मध्ये बंद पडली, त्यामुळे तिथल्या जुन्या नमुन्यांवर संग्राहकांचा विशेष जीव.

आणि पाचूशी तुलना सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणसाने हा रंग ओळखला होता. जॉर्डनमधल्या ऐन गझाल इथे चुन्याच्या गिलाव्याचे नवाश्मयुगीन पुतळे मिळाले आहेत. त्यांतल्या काहींचे डोळे डायऑप्टेजने रेखलेले आहेत. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं हे काम! मला तर या खनिजाचा सगळ्यात मोठा मान हाच वाटतो.

संग्रह करणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती. हा स्फटिक तीन दिशांना सहज दुभंगतो, म्हणून पैलू पाडणारे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. कंपनांनी सफाई करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तो कधीही घालू नका. वरचं कॅल्साइट काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरलंत, तर कॅल्साइटबरोबर डायऑप्टेजही खाल्लं जाईल. विकत घेताना भिंग लावून स्फटिकांच्या मुळाशी पाहा. निखळलेले स्फटिक गोंदाने परत चिकटवलेले असतील, तर ते तिथेच कळतं.