परगावच्यांनी उभा केलेला क्लब: किलमकड क्रोक्स

नमस्कार मंडळी. दक्षिण डब्लिनमध्ये, स्टिलऑर्गन किंवा सँडिफर्डकडे राहणाऱ्यांना जांभळ्या-सोनेरी जर्सीतली पोरं ओळखीची असतील. ती किलमकड क्रोक्सची. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) हे आयर्लंडचे पारंपरिक खेळ; हा त्यांच्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक. मोठा आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा असेल, असं वाटतं. तसं नाही.

हे खेळ चालवणारी जीएए ही संस्था स्थापन झाली १ नोव्हेंबर १८८४ रोजी, टिपररीतल्या थर्ल्स गावात. तिच्या हिशोबात क्लब म्हणजे गाव: ज्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या गाव-परिसरात) वाढलात, त्या पॅरिशकडून खेळायचं, तेही बिनपगारी. किलमकड मात्र १९५९चा, आणि तो काढला तो खेड्यापाड्यांतून नोकरीसाठी डब्लिनला आलेल्या मंडळींनी. सुरुवातीला तिथे फक्त हर्लिंग. १९६६ साली क्रोक्स नावाच्या क्लबशी विलीनीकरण झालं; आज तिथे फुटबॉलही आहे. आर्चबिशप थॉमस क्रोक हे जीएएचे पहिले आश्रयदाते. डब्लिनमधल्या जीएएच्या मुख्य मैदानाचं, क्रोक पार्कचं, नावही त्यांच्यावरूनच.

यश लगेच मिळालं नाही. डब्लिनचं सीनियर फुटबॉल विजेतेपद यायला १९९२ साल उजाडलं. पुढे गाडी भरधाव: १७ मार्च १९९५ रोजी डेरीच्या बेलाहीला ०-८ विरुद्ध ०-५ असं हरवून ऑल-आयर्लंड क्लब चषक घेतला, २००९ मध्ये क्रॉसमग्लेनला हरवून दुसरा.

हे आकडे वाचताना आपले लोक हमखास गोंधळतात. डावीकडचा आकडा गोलांचा, उजवीकडचा पॉइंटांचा. एच आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. फेब्रुवारी २०२२चा अंतिम सामना घ्या. किलकू २-८, किलमकड ०-१३. किलकूचे चौदा, किलमकडचे तेरा. जादा वेळेच्या अगदी शेवटी किलकूने गोल मारला आणि जिंकत आलेला चषक हातचा गेला. २०२५पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात, त्यामुळे जुने आणि नवे धावफलक एका मापाने मोजू नका.

२०२२च्या त्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी जे घडलं, ते क्लबच्या इतिहासातलं सर्वांत अवघड पान. २२ जानेवारी २०२३, समोर डेरीचा ग्लेन. किलमकड १-११, ग्लेन १-९. दोन गुणांचा फरक, म्हणजे ग्लेनला गोलच हवा. शेवटच्या क्षणी त्यांना ‘फॉर्टी-फाइव्ह’ मिळाली. बचाव करणाऱ्याचा हातपाय लागून चेंडू अंत्यरेषेबाहेर गेला की ४५ मीटरवरून मिळते ती ही किक. त्याच गडबडीत किलमकडने खेळाडू बदलले. नवे आत आले, पण ज्याला बाहेर जायचं होतं तो गोलरेषेवरच उभा. नियमाने पंधरा, मैदानावर जास्त. गोल झाला नाही, पण ग्लेनने हरकत घेतली, जीएएच्या समितीने सामना पुन्हा खेळवण्याचा निर्णय दिला, किलमकडने त्याविरुद्ध अपील केलं, आणि शेवटी ग्लेननेच प्रक्रियेतून माघार घेतली. चषक किलमकडकडे राहिला. तो जादा माणूस नसता तर गोल झाला असता का, यावर इथल्या पबमध्ये अजूनही वाद घालता येतो. बदली करताना आधी बाहेर, मग आत, यावर मात्र वाद नको. ग्लेनने चषक जिंकला तो वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये.

२०२३च्या त्या किलमकड संघात शेन वॉल्श होता. गॉलवेचा नावाजलेला खेळाडू, २०२२ मध्ये गावचा क्लब सोडून किलमकडला आला. काउंटी म्हणजे जिल्ह्याच्या संघासाठी मात्र तो गॉलवेकडूनच खेळत राहिला. नियमात ते बसतं. तरीही टीका भरपूर झाली: श्रीमंत उपनगराने गावाचा हिरा पळवला. बाहेरच्यांनीच काढलेल्या क्लबवर बाहेरचा घेतल्याचा आरोप व्हावा, हे जरा गमतीचंच. पण गावाकडचं दुखणंही खोटं नाही. कामधंद्यासाठी पोरं शहरात गेली की तिथे पंधरा जण जमवणं कठीण होतं.

मुलांना क्लबात घालणार असाल तर थोडं कामाचं. नवी मुलं, विशेषतः सॉकर खेळून आलेली, दोन चुका करतात. पहिली: जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलतात. मुलग्यांच्या खेळात तो फाउल, आधी पायाच्या बोटांनी उडवून हातात घ्यायचा (मुलींच्या खेळात थेट उचललेला चालतो). दुसरी: चेंडू धरून पळत सुटतात. चार पावलांनंतर तो टप्पा तरी मारावा लागतो, नाहीतर बुटावरून परत हातात; आणि लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. फुटबॉलला माउथगार्ड सक्तीचा आहे, दुकानातला उकळत्या पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकारही चालतो, फक्त नीट बसवा, नाहीतर पोरगं तो मोज्यात खोचून खेळतं. हर्लिंगला हेल्मेट लागतं.

आणि नोंदणीचा फॉर्म भरताना घाई करू नका. मूल ज्या क्लबकडून पहिल्यांदा रीतसर स्पर्धेत खेळतं, तो त्याचा ‘होम क्लब’ ठरतो. नंतर घर बदललं आणि दुसरीकडून खेळायचं ठरलं, तर रीतसर ट्रान्सफर मागावी लागते. शाळेतल्या मैत्रिणी कुठे खेळतात, पुढची दोन-चार वर्षं तुम्ही कुठे राहणार, हे बघून मगच सही करा.