रक्त गोड नसतं हो! डासाला तुमचा वास कसा कळतो?

"ताई, माझं रक्त गोड आहे, म्हणून डास मलाच चावतात." मागच्या व्हिडिओखाली हे इतक्यांनी लिहिलंय की आज बसलेच बोलायला. अहो, चावायच्या आधी चव कळेल कशी? तिनं तुम्हाला लांबूनच वासावर हेरलेलं असतं. हो, 'तिनं'. चावते ती मादीच.

बेसिक पटकन उरकते. डोक्यावर अँटेना, त्यावर बारीक केस, केसांना सूक्ष्म छिद्रं. वासाचा रेणू छिद्रातून आत जातो, आतल्या द्रवातून चेतापेशीवरच्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे वास पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. झालं.

आता इथे सगळे घसरतात. आपल्या नाकातला ग्राही नुसती बेल वाजवतो. मग आत निरोपानिरोपी होते आणि दार दुसरंच कुणीतरी उघडतं. डासात बेल हेच दार! रेणू चिकटला की त्याच प्रथिनातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पेशीत घुसतात.

नाही पटलं? हे दार चार प्रथिनांचं असतं. 2024 मध्ये एडिस इजिप्ती (डेंग्यू पसरवणारा डास) आणि अ‍ॅनोफेलिस गॅम्बी (मलेरिया पसरवणारा) यांच्या अशा दारांची रचना उलगडली. चौघांत वास ओळखणारा एकच, बाकी तिघं 'ऑर्को' नावाचं जोडीदार प्रथिन. ऑर्को वास ओळखत नाही, पण त्याच्याविना दार उभंच राहत नाही.

आता उलटीकडून बघा. ऑर्को काढला तर? "मग डास संपलेच ना," अशी कमेंट दर वेळी येते. हसू नका, जुन्या एका व्हिडिओत मीही छाती ठोकून हेच म्हटलं होतं! पण 2013 मध्ये एडिसमधलं ऑर्कोचं जनुक बिघडवून पाहिलं होतं. माणूस की गिनिपिग, या निवडीत त्या माद्या गोंधळल्या, पण सोबत कार्बन डायऑक्साइड मिळाल्यावर माणसाकडे आल्याच. तो वायू तोंडाजवळच्या पाल्पवरचे (छोट्या स्पर्शिकांवरचे) वेगळेच ग्राही पकडतात, त्यांना ऑर्को लागत नाही. घामातल्या लॅक्टिक आम्लासाठी ग्राहींचं तिसरंच कुटुंब, त्यात ऑर्कोसारखा जोडीदार म्हणजे आयआर-8ए हे प्रथिन.

आणि 2022 मध्ये कळलं की एडिसच्या एकाच चेतापेशीत वेगवेगळ्या कुटुंबांचे ग्राही शेजारी शेजारी बसलेले असतात. एक दार बंद केलंत, तरी त्याच भिंतीत दुसरं उघडंच.