देवाचा पलंग निघतो तेव्हा

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या देवळात एक दिवस चांगला मुहूर्त बघून विठोबाच्या शेजघरातला पलंग बाहेर काढतात. हो, पलंगच, गादी-उशीसकट. त्या दिवसापासून देव झोपत नाही. शेजारती बंद, पहाटेचा काकडा बंद, कारण जो झोपलाच नाही त्याला उठवणार कसं. दर्शन चोवीस तास चालू. आणि देवाच्या पाठीला टेकायला मऊ कापसाचा लोड ठेवतात, रखुमाईला तक्क्या. रात्री लिंबूपाणी दाखवतात. उभं राहून राहून पाठ अवघडेल, घसा सुकेल, एवढंच साधं कारण.

आता यातली गंमत बघा. आषाढ शुद्ध एकादशीला पंचांगात नाव आहे देवशयनी. म्हणजे या दिवशी विष्णू क्षीरसागरात शेषावर आडवा होतो तो थेट कार्तिकात उठतो, चार महिने, म्हणून तर चातुर्मास. सगळ्या भारतात देव झोपायला जातो आणि नेमका त्याच दिवसांत आपल्याकडचा विष्णू जागा असतो, कारण दारात पोरं आलीयत अडीचशे किलोमीटर चालून.

विष्णू म्हणजे सांभाळणारा. ब्रह्मदेव घडवतो, शंकर मोडतो, आणि मधला सगळा संसार यानं ओढायचा. कुठं काही बिघडलं की अवतार घ्यायचा. मासा झाला, कासव झाला, वराह झाला, खांब फोडून नरसिंह झाला, वामन, परशुराम, राम, कृष्ण. यातल्या बऱ्याच जणांचं आपल्याकडं कुठं ना कुठं ठाणं आहेच, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर, चिपळूणजवळ लोट्याचा परशुराम, लोणारला दैत्यसूदन म्हणजे लवणासुराला मारणारा विष्णू. तळकोकणात तर जत्रेत रात्र रात्र दशावतारी नाटक चालतं आणि सावंतवाडीच्या गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120 पत्ते, देवाशी पत्ते खेळणारी माणसं आहोत आपण.

पण नववा अवतार कोण, इथं मराठी माणूस थोडा वेगळा जातो. बाकी ठिकाणी बहुतेकदा नववा बुद्ध. आपल्याकडं जुन्या दशावताराच्या चित्रात, काही देवळांच्या भिंतीवर नवव्या जागी चक्क कमरेवर हात ठेवलेला विठोबा दिसतो. संतांनीही त्याला बौद्ध म्हटलंय, म्हणजे गप्प राहणारा. आणि खरंच, या अवतारानं कुणाला मारलेलं नाही. मूर्ती नीट बघा कधी, डाव्या हातात शंख, उजव्या हातात कमळाचा देठ, आणि दोन्ही हात कमरेवर. चक्र नाही, गदा नाही. राक्षस मारायला आलाच नाही तो. आला कशाला तर रुसून निघून गेलेल्या रुक्मिणीला शोधायला दिंडीरवनात, आणि वाटेत पुंडलिकाच्या दारात थांबला. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, म्हणाला थांब जरा, आणि एक वीट भिरकावली. देव त्या विटेवर उभा राहिला. अजून उभाच आहे. अठ्ठावीस युगं म्हणतात. (रुक्मिणीचा राग मात्र अजून गेलेला दिसत नाही, तिचा गाभारा वेगळाच आहे.)

म्हणजे देवाला थांबायला सांगणारी ही परंपरा पहिल्या दिवसापासूनची. माझी आजी विठोबाला अरे-तुरेच करायची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, दर एकादशीला उपास, आणि दूध उतू गेलं तरी शिवी विठ्याला. वारकरी होणं तसं सोपंय, माळ घालायची, मग मटण-दारू सुटली, वर्षातून निदान एकदा पंढरी. सोपं म्हणजे ऐकायला सोपं.

वारीत कुणीही कुणालाही माऊली म्हणतं. पाय लागला तरी माऊली, पाणी मागायचं तरी माऊली, ट्रक मागं घे तरी माऊली. देव पण माऊली. म्हणजे आई. बाकीच्या अवतारांना प्रभू म्हणावं लागतं, याला आई म्हणतात, आणि आई म्हटलं की एक प्रॉब्लेम होतो, तिची काळजी आपल्यालाही करावी लागते.

ती काळजी मूर्तीवर दिसते. पंढरपुरात देवाच्या पायावर डोकं टेकवता येतं, पदस्पर्श दर्शन म्हणतात त्याला, आणि किती शतकं किती डोकी टेकली असतील याचा हिशोबच नाही. त्यात पूर्वी दूध-दही-मधाचे अभिषेक. दगड तो, झिजणारच. म्हणून भाविकांच्या महापूजा थांबवल्या आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांकडून वज्रलेप करून घेतला, एकदा नाही, बऱ्याचदा, 2020 मध्येही झाला. ज्यानं जगाला सांभाळायचं त्याच्या पायाची झीज भरून काढायला केमिस्ट बोलवायचा, मला तरी यात काही विचित्र वाटत नाही. प्रेमानंच झिजलेत पाय.

असंच झिजलेलं आणखी एक आहे देवळात, चौऱ्यांशीचा शिलालेख. 1273 ते 1277 या काळात देवळाला कुणी किती देणगी दिली त्याची नोंद, रामदेवराव यादवाचं नाव आहे त्यात. पण लोकांना वर्गणीची यादी वाचायची नव्हती, लोकांनी त्याला पाठ घासली, चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. इतिहासाच्या लोकांना वाईट वाटतं, वाटणारच, अक्षरं पुसट झाली की.

अर्थात सगळेच काही त्या पायापर्यंत पोचत नव्हते, हे पण सांगायला पाहिजे. चोखोबा आयुष्यभर बाहेर राहिले, आजही त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात आहे. देऊळ दलितांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठं दार उघडलं. सातशे वर्षं सगळ्यांना माऊली म्हणत होतो आपण.

आता परत येऊ दर्शनावर. आषाढीची दर्शनबारी म्हणजे काय ते टीव्हीवर कळत नाही. रांग देवळातून निघते, वळसे घेत घेत गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, आणि माणसं त्यात रात्र काढतात. मी एकदा उभा होतो, पुढं एक मावशी, डोक्यावर तुळशीवृंदावन, गुडघ्याला पट्टा. बारा-पंधरा तास. आणि आत गेल्यावर किती वेळ मिळतो माहितीये? दोन सेकंद. डोकं टेकलं न टेकलं की मागून हात, चला माऊली चला. मावशी बाहेर आली, डोळे पुसले आणि म्हणाली, दमलेला दिसला रे.

मी तेव्हा हसलो होतो. ज्यांना एवढी बारी जमत नाही ते मुखदर्शन घेतात, तेही नाही तर लांबून कळसाला हात जोडतात, आणि चंद्रभागेत बुडी मारून गावाकडं. 2020 आणि 2021 ला तर कोविडमुळं तेही नाही, संतांच्या पादुका एसटीनं आल्या आणि बारीच नव्हती. तेवढी दोन वर्षं आषाढीला देवासमोर गर्दी नव्हती.

बाकी वर्षी मात्र गोपाळकाला होतो, पालख्या परत फिरतात, गाव रिकामं होतं, रस्त्यावर चुरमुरे आणि बुक्का. मग येते प्रक्षाळपूजा. देऊळ धुऊन काढतात. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, एवढ्या दिवसांच्या हातांचा-कपाळांचा थर निघावा म्हणून, मग गरम पाण्याची आंघोळ, नवा पोशाख, दागिने. पाठीचा लोड काढून घेतात. पलंग परत शेजघरात.

आणि त्या रात्री शेजारतीला देवाला नैवेद्य असतो काढ्याचा. वनौषधींचा, कडसर, घरी ताप-अंगदुखीला करतो तसला. शीण जावा म्हणून. मग दार लोटतात, हळू, आवाज न करता.