परसातली सहा झाडं

१५ ऑगस्ट २००२. उत्तर कॅलिफोर्नियातली ब्यूट काउंटी. डायन मॉन्सन यांच्या घरी दोन सरकारांची माणसं आली आहेत. मणक्याच्या दुखण्याने बेजार झालेल्या या बाईने परसात गांजाची सहा झाडं लावली आहेत. काउंटीचे पोलीस झाडं पाहतात, चौकशी करतात आणि म्हणतात, आमच्या राज्याच्या कायद्यात हे बसतं. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याला ते मान्य नाही. तीन तास हुज्जत चालते. शेवटी केंद्राचे अधिकारी सहाच्या सहा झाडं जप्त करून नष्ट करतात.

आपापल्या कायद्याने दोघंही बरोबर होते. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत टाकलं, म्हणजे औषध म्हणून त्याला जागाच ठेवली नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोने एड्सने खंगलेली माणसं पाहिली होती. तिथून उठलेल्या चळवळीने १९९६ मध्ये प्रस्ताव २१५ मतदारांकडून मंजूर करून घेतला. डॉक्टरांनी सांगितलं असेल, अगदी तोंडी सांगितलं असेल, तरी रुग्णाने घरी झाड लावावं. आणि ज्याला ते झेपत नाही, त्याच्यासाठी त्याची काळजी घेणाऱ्याने लावावं.

ओकलंडच्या एंजल रेच यांना झेपत नव्हतं. दोन माणसं त्यांच्यासाठी झाडं वाढवायची, एक पैसाही न घेता. माती कॅलिफोर्नियातली, पाणी कॅलिफोर्नियातलं, खतसुद्धा तिथलंच. विक्री नाही, राज्याची हद्द ओलांडणं नाही. मग यात केंद्राचा संबंध काय, असं विचारत रेच आणि मॉन्सन यांनी खटला भरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

उत्तर गव्हाच्या शेतातून आलं. ओहायोच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला केंद्राच्या कायद्याने ११.१ एकरांची मुभा होती, त्याने २३ एकर गहू पेरला. जास्तीचा गहू घरच्यासाठी आहे, हे त्याचं म्हणणं १९४२ मध्ये न्यायालयाने मानलं नाही. घरोघरी असं झालं तर देशाच्या बाजारावर परिणाम होतोच, म्हणून केंद्राला हात घालता येतो. ६ जून २००५ रोजी तोच न्याय परसातल्या गांजाला लागला. सहा विरुद्ध तीन.

विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलं की, आपण कॅलिफोर्नियाच्या नागरिक असतो तर या प्रस्तावाला मत दिलं नसतं. तरीही, प्रयोग करायचा राज्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. मला हा या खटल्यातला सगळ्यांत प्रामाणिक परिच्छेद वाटतो.

काळजी घेणारा कोण, हे ठरायचंच होतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नुसता गांजा पुरवणारा तो नव्हे. रुग्णाचं राहणं, आरोग्य किंवा सुरक्षितता ज्याने आधीपासून सातत्याने सांभाळली, तो. हे योग्यच झालं. आजाऱ्याची उशी सारखी करणारा हात आणि पुडी विकणारा हात एक नसतो.

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अर्थसंकल्पात एक कलम घातलं. राज्यांचे वैद्यकीय गांजाचे कायदे अडवायला केंद्राच्या न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. २००५ चा निकाल मात्र रद्द झालेला नाही. खर्चाच्या विधेयकाची मुदत संपली की ते कलमही पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं.