लेहला जाताना घोंगडी आठवा

मंडळी, तुमच्यातली बरीच जणं जानेवारीत लेहला निघालीत म्हणून वाचनालयाने मला बोलावलं. फौज सोडून मला पुष्कळ वर्षं झाली, पण बर्फात काढलेले हिवाळे अंगातून जात नाहीत.

मघाशी दारातच एका काकूंनी विचारलं, "भाऊ, स्वेटर किती घेऊ?" प्रश्न बरोबर आहे. बेळगावात पारा १२-१३ वर आला की आपल्याकडं माकडटोप्या बाहेर निघतात. लेहला जानेवारीच्या रात्री तो उणे १५ च्या आसपास असतो. पण काकू, स्वेटर मोजण्याआधी अंगाला लागून काय घालणार ते ठरवा.

माझा पहिला हिवाळा सांगतो. आत सुती बनियन, वर फौजेचा जाड कोट. बर्फ उपसायचं काम लागलं. तासाभरात घाम फुटला, बरंही वाटलं. काम थांबलं आणि थोड्याच वेळात दात वाजायला लागले. ओली बनियन पाठीला फरशीसारखी गार चिकटली होती. उस्तादांनी, म्हणजे आमच्या फौजेतल्या प्रशिक्षकांनी, कोट उघडून आत हात घातला आणि तिथल्या तिथं बनियन उतरवायला लावली. पाणी हवेच्या मानाने जवळजवळ २५ पट वेगाने अंगाची ऊब ओढून नेतं, आणि सूत ते पाणी धरून बसतं.

खानापूरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको. भर पावसात रोपलावणीला आपले आजे घोंगडीची खोळ घेऊन उभे राहायचे. घोंगडी भिजून जड व्हायची, पण आत ऊब असायची. लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते, ती ओलाव्यातही पुरती निघून जात नाही. धनगरांनी हे कधीच ओळखलं होतं.

तेव्हा अंगाला लागून लोकरीचे नाहीतर सिंथेटिक थर्मल घाला, सुती अजिबात नको. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, म्हणजे मऊ, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचा कपडा. सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. हे शेवटचं लोक विसरतात. पारा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे २० सारखी लागते. चढ चालताना घाम यायच्या आधीच एक कपडा काढा, थांबलात की लगेच चढवा. कंटाळा करू नका.

आता पाय. थंडी वाजते म्हणून मोज्यांच्या तीन-तीन जोड्या घट्ट बुटात कोंबू नका. रक्त फिरायचं थांबतं आणि बोटं आणखी गारठतात. बूट असा घ्या की जाड मोज्यातही बोटं हलली पाहिजेत. झोपताना कोरडे मोजे वेगळे ठेवा. आम्ही रोज रात्री एकमेकांची बोटं तपासायचो. बोट बधिर, पांढरं पडलं तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. आडोशाला जाऊन काखेत धरा आणि डॉक्टर गाठा. थंडी मारायला म्हणून दारूही नको. तिनं कातडीकडं रक्त धावतं, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर जाते.

हातमोजे चार बोटं एकत्र राहणारे घ्या. काळा चष्मा हवाच, बर्फावरचं ऊन डोळे जाळतं. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

आणि कपड्यांनी भागत नाही अशी एक गोष्ट. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, लेह ३,५०० वर, आणि विमान तुम्हाला तासा-दीड तासात दिल्लीहून तिथं उतरवतं. तिथल्या विरळ हवेची अंगाला सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस नुसता आराम करा. डोकं ठणकलं, मळमळलं, तर सोबतच्यांना सांगा, लपवू नका. दम लागणं वाढलं किंवा तोल जायला लागला तर खाली उतरायचंच. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बूट मात्र या आठवड्यातच घ्या. रविवारी ते घालून येळ्ळूरचा राजहंसगड चढून या. कुठं चावतात ते इथंच कळेल, बदलून घ्यायला वेळही राहील.