मतपत्रिकेच्या तळाशी

नमस्कार मंडळी.

मागच्या शनिवारी आमच्याकडे चार घरं जेवायला होती. आमटीभात होईपर्यंत वॉशिंग्टनचं राजकारण चघळून झालं, मग गाडी मुंबई महापालिकेवर आली. मी सहज विचारलं, आपल्या मिडलसेक्स काउंटीच्या एका तरी कमिशनरचं नाव सांगा. सगळे ताटाकडे बघायला लागले. शेवटी एक काका म्हणाले, "ते आपल्या जिल्हा परिषदेसारखंच ना?"

साधारण तसंच. न्यू जर्सीत अशा 21 काउंट्या आहेत. मिडलसेक्सच्या बोर्डावर सात कमिशनर, मुदत तीन वर्षांची. पण सगळे एकदम निवडून येत नाहीत. दर नोव्हेंबरला दोन-तीन जागांची पाळी येते. म्हणजे ज्या वर्षी ना राष्ट्राध्यक्ष ना गव्हर्नर, त्या वर्षीही ही निवडणूक असतेच. आणि नेमके त्याच वर्षी आपण घरी बसतो.

घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा. शाळेची एक ओळ, गावाची एक, आणि काउंटीची वेगळी. रुझवेल्ट पार्कची निगा, तुरुंग, एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजला हातभार, उन्हाळ्यात डासांचा बंदोबस्त, हे सगळं काउंटीकडे. रस्तेसुद्धा. निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा आकडा दिसला की समजायचं, इथल्या खड्ड्याची तक्रार काउंटीकडे.

बोर्डाखेरीज शेरीफ, क्लर्क आणि सरोगेटही आपल्याच मतांवर निवडून येतात. सरोगेट म्हटलं की आपल्या मनात भलतंच येतं. इथे सरोगेट म्हणजे मृत्युपत्रं तपासून त्यांची नोंद करणारा अधिकारी. घरातलं माणूस गेलं की कागदपत्रांसाठी याच कचेरीची पायरी चढावी लागते.

2020 संपेपर्यंत बोर्डाच्या सदस्यांना 'फ्रीहोल्डर' म्हणत. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याच हाती कारभार, अशा वसाहतकाळातला तो शब्द. थोडक्यात, सातबारा दाखवा आणि खुर्ची घ्या. 1 जानेवारी 2021 पासून ते कमिशनर झाले.

पण मला खरं बोलायचंय ते जूनच्या प्रायमरीबद्दल, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाबद्दल. आपल्या काउंटीत वर्षानुवर्षं डेमोक्रॅटांचं वर्चस्व. त्यामुळे जूनमध्ये ज्याला तिकीट मिळालं, त्याची निम्मी निवडणूक तिथेच झाली. या प्रायमरीत 'काउंटी लाइन' चालायची. काउंटीतल्या पक्षाचा पाठिंबा असलेले उमेदवार, वर सिनेटरपासून खाली कमिशनरपर्यंत, एकाच रांगेत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. पॅनेलला शिक्का मारा आणि मोकळे व्हा!

2024 मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले. मार्चअखेर न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी थांबवली. पुढे कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकोनात.

मला हे पटलं. पण आता कमिशनरच्या चौकोनात अनोळखी नावं आणि आपण, समोरासमोर. मग आपण काय करतो? देशी आडनाव दिसलं की खूण. मीही केलंय, खोटं कशाला बोलू! त्या माणसाचं रस्त्यांबद्दल, करांबद्दल काय म्हणणं आहे, हे मी तेव्हा वाचलेलंही नव्हतं. कारखान्याच्या पॅनेलला हसायचा मला तसा काही अधिकार नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. मत देण्यासाठी नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर चालत नाही. आणि तुमची कोणत्याच पक्षात नोंद नसेल, तरी प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं.

टपालाने मत पाठवणाऱ्यांनो, आतल्या पाकिटाला सहीचा एक कागद जोडलेला असतो. त्यावर सही करायची, पण तो फाडायचा नाही. पहिल्या वेळी मी वीजबिलाची पावती फाडावी तसा घडीवर नख फिरवून तयार होतो. बायकोने वेळेवर हात धरला.